जुन्या घड्याळाचे मोल: जर्मनीतील काही हकिकती

२०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडमधील डिव्हायझेस या गावी एका खिशातल्या घड्याळाचा लिलाव झाला. घड्याळ अठरा कॅरट सोन्याचे, ज्यूल युर्गेनसेन या नामांकित पेढीचे. किंमत आली सुमारे १७ लाख ८० हजार पौंड. सोने वितळवून विकले तर या रकमेच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि त्याच पेढीचे, त्याच काळातले दुसरे घड्याळ कोणी विकावयास काढले तर याचा शंभरावा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ म्हणावयाचे.

हे घड्याळ होते इसिडोर स्ट्राउस यांचे. त्यांचा जन्म १८४५ साली जर्मनीच्या पॅलाटिनेट भागातील ऑटरबर्ग गावच्या यहुदी कुटुंबात झाला. लहानपणीच ते घरच्यांबरोबर अमेरिकेस गेले, आणि पुढे न्यू यॉर्कच्या मेसीज या भल्यामोठ्या दुकानाचे मालक झाले. त्यांच्या पत्नी आयडा याही जर्मनीच्याच, वर्म्स शहरच्या. १८८८ साली इसिडोर यांच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला आयडाबाईंनी हे घड्याळ त्यांस भेट दिले. १९१२ च्या एप्रिलमध्ये दोघे टायटॅनिक बोटीत होती. बोट बुडू लागल्यावर बायकांना होड्यांत बसवू लागले, पण आयडाबाई पतीला सोडून जाईनात. आपला फरचा कोट त्यांनी मोलकरणीला दिला, तिला होडीत बसविले, आणि स्वतः मागे राहिल्या. इसिडोर यांचा देह पुढे समुद्रात सापडला, आयडाबाईंचा सापडला नाही. खिशातले घड्याळ कुटुंबाकडे परत आले. त्याचे काटे २ वाजून २० मिनिटांवर थांबलेले होते. बोट बुडाली तीच ही वेळ.

हे वाचून आमच्या ओळखीच्या एका बाईंनी विचारले, ‘थांबलेल्या घड्याळाला एवढे पैसे?’ प्रश्न रास्त आहे. घड्याळे हा आमचा व्यवसाय नव्हे. आमचा त्यांच्याशी संबंध एवढाच की गणवेशावर उलटे टांगलेले घड्याळ पाहून आम्ही तीस-पस्तीस वर्षे लोकांच्या नाड्या मोजल्या. परंतु या प्रश्नाचा शोध घेता घेता जर्मनीच्या इतिहासात बरेच खोल जावे लागले. ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावी. जुन्या घड्याळाची किंमत ते वेळ बरोबर दाखविते म्हणून येत नाही. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. आतील स्फटिक विजेच्या जोरावर सेकंदाला हजारो वेळा कंप पावतो. अशा घड्याळाची चूक महिन्यात काही सेकंद, तर चावीच्या उत्तम घड्याळाची चूक दिवसाकाठी तेवढी होऊ शकते. बाजारातले शंभर-दोनशे रुपयांचे घड्याळ या बाबतीत कोट्यवधींच्या घड्याळाला सहज हरविते. चावीच्या घड्याळाचे रोजचे काम असे संपले, आणि काम संपल्यावरच त्याची नवी किंमत सुरू झाली. स्वित्झर्लंड व जर्मनीतील हजारो कारागीर त्या काळात बेकार झाले, आणि ज्या घड्याळांना कोणी विचारीत नव्हते तीच पुढे लिलावात जाऊन बसली.

मग पैसे कशाचे? याचे उत्तर आम्हांला सर्वांत चांगले कोठे सापडले म्हणाल तर जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, ग्लासह्यूटे नावाच्या लहानशा गावात.

ड्रेस्डेनहून आगगाडीने निघावे, हायडेनाऊला गाडी बदलावी, आणि म्युग्लिट्झ नदीच्या काठाने डोंगरात जावे. गाव एका अरुंद दरीत आहे. पूर्वी येथे चांदीच्या खाणी होत्या. त्या आटल्या आणि गाव भिकेला लागले. ड्रेस्डेनचा फर्डिनांड अडोल्फ लांगे हा घड्याळजी सॅक्सनीच्या सरकारकडे गेला आणि म्हणाला, मला कर्ज द्या, मी या गावातल्या पोरांना घड्याळे करावयास शिकवितो. सरकारने ७,८२० थालर दिले. ७ डिसेंबर १८४५ रोजी पंधरा उमेदवारांना घेऊन त्याने कारखाना उघडला. इसिडोर स्ट्राउस यांचा जन्म त्याच वर्षीचा.

लांगे हा मोठा पद्धतशीर माणूस. त्या वेळी घड्याळाची मापे ‘लीन’ या जुन्या फ्रेंच परिमाणात घेत. त्याने मिलिमीटर आणला. प्रत्येक पोराला घड्याळाचा एकेकच भाग करावयास शिकविले, म्हणजे हात लवकर बसतो. पुढे हीच पोरे स्वतःच्या पेढ्या काढून बसली आणि सबंध गाव घड्याळाचे झाले. लांगे अठरा वर्षे या गावचा महापौर होता. १८७५ मध्ये तो वारला, तोपर्यंत ‘ए. लांगे उंट झोने’, म्हणजे ए. लांगे आणि मुलगे, हे नाव युरोपभर झाले होते. १८९८ साली कैसर दुसरा विल्हेल्म तुर्कस्तानच्या सुलतान अब्दुल हमीदला भेटावयास गेला तेव्हा त्याने नजराणा म्हणून लांगेचेच घड्याळ नेले. याच प्रवासात तो पुढे यरुशलेमला आला होता, आणि त्याच्या स्वारीसाठी याफो दरवाजाजवळचा कोट फोडून वाट केली होती. यरुशलेममध्ये राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या पायाखालची ती वाट आहे.

१९०२ साली लांगेने एक घड्याळ केले, क्रमांक ४२५००. त्यात तास-मिनिटांचे ठोके वाजविण्याची सोय, लीप वर्षासकट चालणारे पंचांग, चंद्राच्या कला, आणि सेकंदाचे बारीक भाग मोजणारे यंत्र होते. भाग आठशेच्या वर. व्हिएन्नाच्या हाइनरिक शेफर नावाच्या गृहस्थाने ते ५,६०० मार्कांना घेतले. त्या पैशात तेव्हा चांगले घर उभे राहिले असते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे या घड्याळाचा पत्ता नव्हता. २००१ साली कोणीतरी ते ग्लासह्यूटेला घेऊन आले तेव्हा आतला पोलादी भाग गंजून गेला होता. यान स्लीवा या कारागिराने कित्येक वर्षे खपून ते पुन्हा चालते केले. त्याचा अभ्यास करून २०१३ साली कंपनीने तशाच जातीचे नवे मनगटी घड्याळ काढले. फक्त सहा नग, एकेकाची किंमत १९ लाख २० हजार युरो.

आता या घड्याळांची संख्या इतकी थोडी का, हे पाहावयास हवे. ८ मे १९४५ हा युद्धाचा शेवटचा दिवस. शरणागतीला काही तास उरले असता रशियन विमानांनी ग्लासह्यूटेवर बाँब टाकले आणि लांगेची मुख्य इमारत कोसळली. जी यंत्रे वाचली त्यांतली पुष्कळशी रशियाने युद्धाची भरपाई म्हणून उचलून नेली. १९४८ साली पूर्वेकडील सरकारने कारखाना ताब्यात घेतला. संस्थापकाचा पणतू वाल्टर लांगे तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याला युरेनियमच्या खाणीत कामाला जाण्याचा हुकूम आला, तेव्हा तो पश्चिम जर्मनीत पळून गेला. १९५१ साली गावातील सगळ्या पेढ्या एका सरकारी कारखान्यात घातल्या. ‘लांगे’ हे नाव तबकडीवरून नाहीसे झाले.

ते चाळीस वर्षे नाहीसेच होते. बर्लिनची भिंत पडल्यावर ७ डिसेंबर १९९० रोजी, म्हणजे पणजोबाने कारखाना उघडल्यास बरोबर १४५ वर्षे झाली त्या दिवशी, सहासष्ट वर्षांच्या वाल्टर लांगेने कंपनीची पुन्हा नोंदणी केली. तेव्हा त्याच्याजवळ ना इमारत होती ना कामगार. ग्युंटर ब्लुमलाइन हा हुशार व्यवस्थापक पाठीशी होता. २४ ऑक्टोबर १९९४ ला पहिली चार नवी घड्याळे ड्रेस्डेनमध्ये लोकांपुढे ठेवण्यात आली.

लिलावात बोली लावणारा मनुष्य या सबंध हकिकतीचे पैसे मोजतो. घड्याळ तर युद्धापूर्वीचे हवेच. ते कोणी केले, ते कोणत्या क्रमांकाचे, आणि मधल्या वावटळीत ते कसे वाचले, हे सगळे तो जमेस धरतो. घड्याळाचा जन्मदाखला, त्याचे आडनाव, त्याचे पूर्वीचे धनी, हे सर्व कागदावर सलग मिळाले की किंमत चढते, आणि मध्ये कोठे तुटले की पडते. जिनिव्हाची पाटेक फिलिप ही कंपनी आपल्या जुन्या वह्यांतून उतारा काढून देते. अमुक क्रमांकाचे घड्याळ अमुक साली केले आणि अमुक दिवशी विकले, एवढाच मजकूर, पण त्याच्यावाचून गिऱ्हाईक पुढे सरकत नाही.

सोन्याचा मोह येथे फारसा चालत नाही, हीही एक मौज आहे. २०१७ च्या जानेवारीत वाल्टर लांगे वारला. त्याच्या स्मरणार्थ कंपनीने एक घड्याळ काढले. सोन्याचे बरेच आणि पोलादाचे एकच. कंपनी तेव्हा सहसा पोलादाची घड्याळे करीत नसे. हे एकुलते पोलादी घड्याळ मे २०१८ मध्ये जिनिव्हाला धर्मादाय लिलावात ठेवले, आणि त्याला ८ लाख ५२ हजार ५२५ स्विस फ्रँक आले. सोन्याच्या भावंडांची किंमत त्याच्या जवळपासही नव्हती. पाटेक फिलिपच्या १५१८ क्रमांकाच्या जातीचेही असेच. १९४१ पासून पुढे ती सारी मिळून २८१ झाली, बहुतेक सोन्याची. पोलादाची चारच ठाऊक आहेत. त्यांतले एक २०१६ मध्ये १ कोटी १० लाख फ्रँकांना गेले. श्रीमंत लोक त्या काळी सोनेच मागत, म्हणून पोलाद थोडे झाले, आणि थोडे झाले म्हणून आज महाग.

दुसरी अट म्हणजे घड्याळाला कोणी हात लावलेला नसावा. येथे आपल्या लोकांची पंचाईत होते. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जण रेल्वेत, पलटणीत, पोस्टात. त्यांच्या मनगटावर वेस्ट एंड किंवा फावर-लुबाचे घड्याळ असे. पुढे बंगलोरचे एच.एम.टी. आले. तबकडी पिवळी पडली की ती घड्याळजीकडे देऊन नवी रंगवून घ्यावी, केस घासून चकचकीत करावी, काच बदलावी, ही आपली रीत. माणूस सणाला घर सारवतो तसे. लिलावाच्या दुनियेत हा अपराध समजतात. मूळ तबकडी डागाळलेली असली तरी चालेल, रंगविलेली चालत नाही. जुन्या घड्याळांना भडक नव्या तबकड्या रंगवून विकण्याचा धंदा मुंबईत एवढा चालला की परदेशातील संग्राहकांत अशा घड्याळांना मुंबईचेच नाव पडले आहे. कोणा वाचकाच्या कपाटात आजोबांचे घड्याळ पडून असेल तर आमची विनंती एवढीच, की ते पॉलिशला देऊ नका. (आणि जुन्या घड्याळाचे आकडे अंधारात चमकणारे असतील तर काच उघडून ते खरवडूही नका. पूर्वी त्या रंगात रेडियम असे. चमक गेली तरी रेडियम जात नाही.)

डॉक्टरांसाठी केलेल्या घड्याळांना संग्राहक खास मान देतात, याचे आम्हांला साहजिकच कौतुक वाटले. त्यांच्या तबकडीच्या कडेला नाडीचे आकडे छापलेले असतात. पहिल्या ठोक्याला बटण दाबावयाचे, तिसाव्या ठोक्याला पुन्हा दाबावयाचे, की काटा ज्या आकड्यावर थांबेल तो मिनिटाचा ठोका. गुणाकार नको. आमच्यापाशी असले घड्याळ कधी नव्हते. आम्ही पंधरा सेकंद मोजून चौपट करीत आलो, आणि रोगी काही वाईट झाले नाहीत. पण ही घड्याळे थोडी झाली, म्हणून आज त्यांना भाव आहे.

कागद सलग हवेत म्हटले, पण कागदही फसवितात. न्युरेंबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात एक डबीसारखे घड्याळ आहे. पेटर हेनलाइन या कुलुपे करणाऱ्या कारागिराने १५१० साली केलेले, जगातील पहिल्या खिशातल्या घड्याळांपैकी एक, अशी त्याची ख्याती. १८९७ साली संग्रहालयाने ते विकत घेतले. माणसांच्या तपासणीला वापरतात तसल्याच सी.टी. यंत्राने काही वर्षांपूर्वी त्याची आतून पाहणी झाली, तेव्हा बरेचसे भाग एकोणिसाव्या शतकात जोडलेले निघाले. संग्रहालयाने हे लपविले नाही, उलट त्याचे प्रदर्शनच मांडले. हे आम्हांला आवडले.

मोठे नाव कधीकधी विक्रीच्या आडही येते. यरुशलेमच्या एल. ए. मायर संग्रहालयातली चोरी पुष्कळांना आठवत असेल. १५ एप्रिल १९८३ च्या रात्री तेथून १०६ घड्याळे गेली. त्यांत ब्रेगे या पॅरिसच्या कारागिराचे क्रमांक १६० चे घड्याळ होते, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी सांगितलेले आणि तिचा शिरच्छेद झाल्यावर किती वर्षांनी, १८२७ साली पुरे झालेले. चोर नामान डिलर हा एकटाच, आणि त्याने वीस वर्षांत त्या राणीच्या घड्याळाचा एक पैसा केला नाही. करणार कसा? ते बाहेर काढताच साऱ्या जगाने ओळखले असते. २००४ साली तो वारला, त्यानंतर त्याच्या विधवेच्या मार्फत निरनिराळ्या ठिकाणांहून घड्याळे परत आली. १०६ पैकी ९६ मिळाली.

ज्यांची नावे जगाला ठाऊक आहेत, अशा घड्याळांची ही गोष्ट झाली. सिनेनट पॉल न्यूमन याचे रोलेक्स त्याच्या बायकोने जपून गाडी चालव असे मागे कोरून त्याला दिले होते. त्याला २०१७ मध्ये १ कोटी ७७ लाखांवर डॉलर आले. स्ट्राउस यांच्या घड्याळाचेही तेच. बायकोने नवऱ्याला दिलेले घड्याळ, आणि कोणी, कोणाला, कधी दिले हे सांगणारे माणूस मागे उरलेले.

जर्मनीत मात्र अशीही घड्याळे होती की ज्यांच्याबद्दल सांगणारे कोणी उरू दिले नाही. २१ फेब्रुवारी १९३९ रोजी नाझी सरकारने हुकूम काढला, की यहुद्यांनी आपल्याजवळचे सोने, चांदी, प्लॅटिनम, हिरे, मोती दोन आठवड्यांत सरकारजमा करावे. त्यासाठी नगरपालिकांची गहाणखाती नेमली. लग्नाची अंगठी, जेवणाचे थोडे चमचे-काटे आणि चांदीचे एक घड्याळ एवढे ठेवण्यास परवानगी होती. सोन्याचे घड्याळ गेले. मोबदला म्हणून जे दिले ते नाममात्र. ऑटरबर्ग किंवा वर्म्स गावात राहिलेल्या एखाद्या कुटुंबापाशी इसिडोर यांच्यासारखेच घड्याळ असते, तर १९३९ च्या वसंतात ते खिडकीतून आत सरकवावे लागले असते.

चांदीची राहिली, तीही पुढे गेली. सप्टेंबर १९४२ मध्ये एस.एस.च्या कारभार खात्याने छावण्यांना हुकूम दिला, की कैद्यांची घड्याळे गोळा करावी, दुरुस्त करावी आणि आघाडीवरच्या सैनिकांना वाटावी. मे १९४३ च्या एका सरकारी अहवालात पुरुषांची ९४,००० आणि बायकांची ३३,००० घड्याळे जमा झाल्याची नोंद आहे. बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउसेन छावणीत दुरुस्तीचा कारखानाच होता, आणि दुरुस्त करणारे हातही कैद्यांचेच. जी घड्याळे जमा झाली ती बहुतेक साधी, रोजच्या वापरातली असणार. कोणाची मॅट्रिकची भेट, कोणाच्या लग्नातली. त्यांपैकी काही आजही कोठेतरी टिकटिकत असतील, आणि विकणाऱ्याला खरोखरच ठाऊक नसेल की ती कोणाची. लिलावाच्या यादीत ‘पूर्वीचे धनी’ म्हणून एक ओळ असते. तेथे १९३३ ते १९४५ ही वर्षे मोकळी दिसली की जाणता माणूस आज दोनदा विचारतो. पूर्वी कोणी विचारीत नसे.

हेसेन प्रांतात बाड आरोल्सेन नावाचे गाव आहे. युद्धानंतर हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी मोठी कचेरी येथे बसली. २०१९ पासून तिला आरोल्सेन अभिलेखागार म्हणतात. कोट्यवधी कागदांखेरीज तेथे छावण्यांतून सापडलेली पाकिटे आहेत, विशेषतः नॉएनगामे आणि डाखाउ येथील. पाकिटावर कैद्याचे नाव, आत त्याची चीजवस्तू: अंगठी, फोटो, फाउंटन पेन, आणि पुष्कळदा घड्याळ. २०१६ पासून संस्थेने वारसांचा शोध घेऊन ही पाकिटे परत करण्याची मोहीम चालविली आहे. शाळांतली मुले आणि स्वयंसेवकही त्यात मदत करतात. पोलंड, युक्रेन, फ्रान्स, हॉलंड अशा देशांत नातवंडे-पतवंडे सापडतात. त्यांना घड्याळ हाती दिले जाते आणि त्याबद्दल काही घेतले जात नाही. या घड्याळांना लिलावात विशेष काही येणार नाही, बहुतेकांची यंत्रे गंजलेली आहेत.

या पाकिटांत यहुदी नावे फार थोडी आहेत. राजकीय कैदी, वेठीचे मजूर यांच्या वस्तू काही छावण्यांत नावानिशी जपून ठेवीत. यहुद्यांच्या वस्तू आल्याबरोबर काढून घेऊन ढिगात टाकीत, त्यांना नाव लिहिलेले पाकीट मिळालेच नाही. आपल्या समाजातल्या सुना-जावयांत आता पोलंड, जर्मनी, हंगेरीकडच्या घराण्यांतली माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाला आपल्या आजी-आजोबांचा शोध घ्यावयाचा असेल तर बाड आरोल्सेनला लिहावे. चौकशीला पैसे पडत नाहीत. पाकीट मिळण्याची आशा थोडी, पण नावाचा एखादा कागद पुष्कळदा निघतो.